आप्पांचं आयुष्य गाठीच्या तुकड्याला विचारू नका

पत्राचा सारांश: खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून तिशी ओलांडलेल्या एका मुलाने लिहिलं आहे. तो बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आहे. वडील आप्पा, वय ५८, भातशेती करणारे, माळकरी, दारूला कधी न शिवलेले. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या लिव्हरमध्ये गाठ सापडली. ऑपरेशन करून ती काढली, रिपोर्टात लिव्हरचा कॅन्सर निघाला, रक्तात हेपॅटायटिस बी हा विषाणू निघाला. पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्स शिकणाऱ्या मावसभावाने सांगितलं की गाठीतल्या जीनची (जनुकांची) हालचाल मोजून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधता येतो. त्याच सुमारास एका खासगी लॅबच्या माणसाने दीड लाखात ही तपासणी करून देतो म्हटलं. घरात तेवढे पैसे आहेत, पण ते बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले. मुलाला वाटतं, आकडा कळला तर लग्न यंदा उरकायचं की पुढच्या वर्षी, हे ठरवता येईल. आई म्हणते, असलं काही विचारूच नका, आणि आप्पांच्या कानावर तर अजिबात नको. गावात एकीकडे ‘चोरून पीत असणार’ अशी कुजबुज, दुसरीकडे ‘त्यांच्या रक्तातच आहे, थोरला भाऊही पोटात पाणी होऊनच गेला’ अशी. या दुसऱ्या बोलण्याने बहिणीची स्थळं मोडतील, ही भीती.

आधी पैशांचं सांगते, कारण लॅबचा माणूस फोन करत असेल. ते दीड लाख त्या तपासणीत घालू नका. बहिणीच्या लग्नाचे आहेत, तिच्यासाठीच राहू देत. असं का म्हणते ते मात्र नीट सांगायला हवं, कारण तुमच्या मावसभावाने जे वाचलं ते खोटं नाही, आणि त्याला गप्प बसवण्यासाठी तुम्ही माझं पत्र वापरावं अशी माझी इच्छा नाही.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जीनचा साठा सारखाच असतो. लिव्हरची पेशी आणि कातडीची पेशी वेगळी दिसते, वेगळी वागते, ती त्यातले कोणते जीन कामाला लागलेत आणि किती जोरात, यावरून. जीन कामाला लागला की त्याची एक प्रत, एमआरएनए, पेशीत तयार होते आणि ती मोजता येते, एका वेळी हजारो जीनची. कॅन्सरमध्ये हा तोल बिघडतो. पेशींची संख्या वाढवणारे जीन जोरात चालतात, लिव्हरचं रोजचं काम सांभाळणारे मंदावतात. संशोधक शेकडो रुग्णांच्या गाठींमध्ये हे मोजतात, ते रुग्ण पुढे किती जगले हे पाहतात, आणि ज्यांच्या चढउताराचा आयुष्याशी संबंध दिसतो असे मोजके जीन संगणकाकडून निवडून घेतात. त्यातून प्रत्येक रुग्णाला एक गुण मिळतो. बहुतेक वेळा मधल्या गुणावर रेघ मारून रुग्णांचे दोन गट पाडतात: जास्त जोखमीचे, कमी जोखमीचे. भावाने दाखवलेल्या आलेखात दोन रेषा खाली उतरत असतील, तर त्या याच दोन गटांच्या.

इथे एक गोष्ट भावालाही विचारा. अमेरिकेतल्या टीसीजीए या प्रकल्पाने लिव्हरच्या शेकडो गाठींची जीनची माहिती जगाला मोफत खुली केली. लिव्हर कॅन्सरवरचा त्यांचा मोठा अहवाल २०१७ साली आला. तेव्हापासून त्याच माहितीवर अशा जीनयाद्यांचा पूर आला आहे, आणि एका यादीतले जीन दुसरीत क्वचितच सापडतात. रुग्ण तीन-चारशे आणि जीन वीस हजार असले की निव्वळ योगायोगानेही काही जीन आयुष्याशी जुळताना दिसतात. ज्या रुग्णांवरून यादी काढली त्यांच्यावर ती सुरेख चालते, दुसऱ्या देशातल्या रुग्णांना लावली की ढिली पडते. सगळंच काम कच्चं आहे असं मात्र नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ साली पाच जीनचा एक गुणांक मांडला, तो इतर ठिकाणच्या रुग्णांवरही तपासला गेला. भावाने वाचलेला निबंध कोणत्या प्रकारचा आहे, हे त्यानेच तपासावं. त्याच्या शिक्षणाचा तो खरा उपयोग होईल.

पण यादी कितीही पक्की असली तरी ती गटाबद्दल बोलते. तुम्ही शेतकऱ्याचे मुलगे आहात, म्हणून सांगते: खानापूर तालुक्याचा सरासरी पाऊस खरा आकडा आहे, पण कणकुंबीला कोसळणारा पाऊस आणि बिडीकडे पडणारा पाऊस त्या एका आकड्यात मावत नाही. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी आपल्या शेतात रोप लावत नाही. जास्त जोखमीच्या गटातली काही माणसं पाच-सहा वर्षं बरी राहतात, कमी जोखमीच्या गटातली काही वर्षभरात जातात. आप्पा त्या रेषेवर नेमके कुठे उभे आहेत, हे ती तपासणी सांगत नाही. शिवाय एकाच गाठीच्या दोन टोकांना जीनची हालचाल वेगळी असू शकते. लॅबला जातो तो एवढासा तुकडा. ‘किती आयुष्य ते कळेल’ असं लॅबच्या माणसाने म्हटलं असेल तर त्याने तपासणीच्या पुढे जाऊन काहीतरी विकलं.

आता मला ज्या संशोधनाबद्दल खरं सांगायचंय त्याकडे येते, कारण तुमच्या घरासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट त्यात आहे. २००८ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने लिव्हर कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ३०७ रुग्णांच्या तुकड्यांवर काम केलं. तुकडे औषधात मुरवून मेणात बसवलेले, दवाखान्याच्या कपाटात ठेवलेले, काही तर २४ वर्षांहून जुने. तरी ९० टक्के रुग्णांच्या तुकड्यांतून चांगली माहिती निघाली. त्यांनी गाठीतले जीन तपासले आणि रुग्णाच्या आयुष्याशी पक्का संबंध सापडला नाही. मग गाठीशेजारचं, कॅन्सर नसलेलं लिव्हर तपासलं. तिथे संबंध स्पष्ट दिसला. त्यातून १८६ जीनची खूण निघाली. ती ८२ जपानी रुग्णांवरून शोधली आणि अमेरिका-युरोपातल्या २२५ रुग्णांवर पडताळून पाहिली.

गाठ काढून टाकली होती. पुढे काय होणार याची चाहूल मागे राहिलेल्या लिव्हरमध्ये होती. याला कारण आहे. ऑपरेशननंतर हा कॅन्सर दोन वाटांनी परत येतो. पहिल्या दोनेक वर्षांत उलटतो तो बहुतेक वेळा मूळ गाठीतूनच आधी निसटलेल्या पेशींमुळे. त्यानंतर येतो तो पुष्कळदा नव्यानेच सुरू झालेला असतो, कारण ज्या आजारी लिव्हरने पहिली गाठ निर्माण केली ते तसंच आजारी आहे, आत सूज आहे, व्रण आहेत. पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये कॅन्सर परत येतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही घरातले कर्ते आहात, तुम्हाला ते माहीत असायला हवं. पण या दुसऱ्या वाटेवर आपल्याला काही करता येतं. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवते. आप्पा किती दिवस आहेत, यापेक्षा आप्पांचं उरलेलं लिव्हर सांभाळायला घरात काय चाललंय, हे मला विचारायचं आहे.

हेपॅटायटिस बीची गोळी सुरू झाली आहे का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि माझी सगळ्यात जास्त काळजी तिथेच आहे. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही औषधं विषाणू दाबून ठेवतात, लिव्हरची झीज थांबवतात, आणि ऑपरेशननंतर कॅन्सर परतण्याचं प्रमाणही कमी करतात. केंद्र सरकारचा व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात तपासणी आणि ही औषधं मोफत मिळतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन चौकशी करा. गोळी सुरू झाली की स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. ती अचानक थांबवल्याने विषाणू उसळतो आणि आधीच कापलेल्या लिव्हरला ते झेपत नाही.

बाकीचं तसं थोडक्यात. काविळीची झाडपाल्याची औषधं, गुळवेलीचा काढा, कुणीतरी आणून दिलेलं लिव्हर टॉनिक, हे सगळं बंद. गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. बुरशी धरलेल्या शेंगा, मका खायचा नाही, चटणीत कुटूनही नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हर कॅन्सरला थेट हातभार लावतं, आणि हेपॅटायटिस बी असलेल्या माणसात जास्तच. अंगदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून. सर्जनने दिलेल्या तारखांना सीटी किंवा एमआरआय आणि रक्तातली एएफपी (लिव्हर कॅन्सरचा माग ठेवणारी रक्ततपासणी), पहिली दोन वर्षं साधारण तीन-चार महिन्यांनी. दीड लाखांतला काही भाग खर्च करायचाच असेल तर या तारखा चुकू नयेत म्हणून करा. परत आलेली गाठ लहान असताना सापडली तर पुन्हा ऑपरेशन किंवा सुईने जाळून टाकण्याचा उपाय शिल्लक असतो.

तुम्ही म्हणाल, पण जीनच्या तपासणीने औषध तरी बरोबर निवडता येईल ना? स्तनाच्या कॅन्सरमध्ये तसं होतं. तिथे २१ जीनची तपासणी करून काही बायकांना केमो लागेल की नाही हे ठरवतात, आणि त्यामागे हजारो बायकांवर केलेला अभ्यास आहे. तुमच्या भावाने बहुधा ते ऐकलं असेल. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये अजून तसं नाही. जीनचा गुण चांगला आला काय, वाईट आला काय, डॉक्टर आज जे करणार तेच करतील. ज्या तपासणीच्या उत्तराने उपचारात काहीच बदलत नाही, तिच्यासाठी लग्नाचे पैसे मोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अशाच लॅबच्या फेऱ्यात अडकलेल्या इतर वाचकांनीही पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढंच विचारावं: याचं उत्तर काहीही आलं तर तुम्ही वेगळं काय कराल?

आणि घाईही नाही. गाठीचा आणि शेजारच्या लिव्हरचा मेणातला ब्लॉक दवाखान्याच्या पॅथॉलॉजी विभागात असतो. तो किती वर्षं ठेवतात हे विचारा, ब्लॉकचा नंबर रिपोर्टवरून उतरवून घ्या, आणि ते टाकून देणार असतील तर लेखी अर्ज करून ताब्यात घ्या. उद्या खरोखर उपयोगी तपासणी आली तर तो तुकडा कामाला येईल. एखाद्या संस्थेत यावर संशोधन चालू असेल आणि आप्पांना त्यात भाग घ्यायचा असेल तर तेही करता येतं. तिथे नीतिविषयक समितीची मंजुरी असते, संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत समजावून द्यावं लागतं, आणि संशोधनापुरत्या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

आप्पांची तब्येत पुढे कशी राहील याचा अंदाज हवाच असेल तर तो तुमच्या पिशवीतल्या कागदांत बऱ्यापैकी आहे. गाठ किती सेंटीमीटरची होती, एक होती की अनेक, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सर शिरल्याचं लिहिलंय का, एएफपी ऑपरेशननंतर उतरली का. लिव्हर किती काम करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची तपासणी, पोटात पाणी आणि शुद्धीवर परिणाम, या पाच गोष्टींवरून डॉक्टर ए, बी, सी असं मोजतात. आप्पा शेतावर जातायत का, स्वतःचं स्वतः करतायत का, हेही त्या अंदाजात धरतात. मावसभावाला हे काम द्या: तारखेप्रमाणे सगळे रिपोर्ट एका वहीत उतरवायचे. सर्जनपुढे बसल्यावर ती वही बोलेल.

आता गावातल्या बोलण्याकडे. ‘जीन’ म्हटलं की घराण्यातून आलेलं, असं तुम्हीही धरून चाललात, आणि तिथून बहिणीच्या लग्नाची भीती सुरू झाली. लॅब मोजणार ती गाठीतली आणि लिव्हरमधली हालचाल. ती आजाराने बिघडलेली असते, बापाकडून लेकीकडे जात नाही. मग थोरले काका तसेच कसे गेले? त्यांचे कागद माझ्यापुढे नाहीत, पण दोन सख्ख्या भावांना लिव्हरचा आजार आणि त्यातल्या एकाला हेपॅटायटिस बी, हे पाहून मला पहिली शंका विषाणूची येते. आईकडून बाळंतपणात किंवा अगदी लहानपणी हा विषाणू आला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पाचांपेक्षा कमी जणांमध्ये तसं होतं. त्यामुळे भावंडांत तो एकत्र दिसतो आणि लोकांना रक्ताचा दोष वाटतो. दारूचा थेंबही न घेता माणसाला लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, तो या वाटेनेही. आप्पांच्या गळ्यातल्या माळेवर ज्यांनी शंका घेतली त्यांना हे मोठ्याने सांगायला हरकत नाही. कुणी आजारी माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा करत असेल तर त्याला घरच्यांनी थांबवावं असं मला वाटतं.

बहिणीची तपासणी करा, आणि तुमचीही. हेपॅटायटिस बीची लस देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात मिळू लागली ती २०११ च्या सुमारास, म्हणजे तुम्ही दोघं त्याआधीचे. एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी आहे. डॉक्टर त्याबरोबर आणखी एक-दोन अँटिबॉडी बघायला सांगतील. निगेटिव्ह आलात आणि संरक्षण नसेल तर लसीचे तीन डोस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. बहीण पॉझिटिव्ह निघाली तरी लग्न मोडण्याचं काही कारण नाही. होणाऱ्या नवऱ्याला आधी लस द्यायची, पुढे गरोदरपणात डॉक्टरांना सांगायचं, आणि बाळाला जन्मल्याबरोबर चोवीस तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) मिळेल अशा दवाखान्यातच बाळंतपण करायचं. सोयरिकीच्या बोलण्यात ही गोष्ट लपवू नका. लपवलेलं नंतर कळलं तर त्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागते.

घरात आप्पांचं ताट-वाटी वेगळं केलं असेल तर आजच परत एकत्र मांडा. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने हा विषाणू पसरत नाही. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश आणि नखं कापायचं यंत्र तेवढं प्रत्येकाचं वेगळं हवं.

लग्न कधी करायचं, याला तपासणी लागत नाही असं मी का म्हणते ते पाहा. निकाल वाईट आला असता तर तुम्ही लग्न लवकर केलं असतं. चांगला आला असता आणि तरीही लवकर केलं, तर नुकसान कुणाचं? बहिणीला पसंत असं स्थळ असेल, ती तयार असेल, तर तुळशीचं लग्न झाल्यावर येणाऱ्या पहिल्या मोसमात, झेपेल तेवढ्याच खर्चात, गावातच मांडव घाला. आप्पा हिंडते-फिरते असताना त्यांनी कन्यादान करावं. तारीख धरताना सीटीची तारीख पाहून घ्या. मात्र स्थळ नसताना केवळ आप्पांसाठी घाईने शोधलेला नवरा मला मान्य नाही, आणि मला वाटतं आप्पांनाही नसेल.

आप्पांनाच विचारा ना. तुमच्या अख्ख्या पत्रात भाऊ काय म्हणतो, आई काय म्हणते, लॅबवाला काय म्हणतो हे आहे, आप्पा काय म्हणतात ते कुठेच नाही. आईची भीती मी समजते. तिला वाटतं, आकडा ऐकला की माणूस खचेल. आकडा सांगूच नका, तो खात्रीचा नाही हे आपण पाहिलंच. पण पोटावर एवढा मोठा छेद घेऊन घरी आलेल्या माणसाला काहीच कळलं नाही, असं समजू नका. पुढच्या भेटीला जाताना गाडीत, आई बरोबर असताना, सरळ विचारा: “आप्पा, डॉक्टर सांगतील ते सगळं तुम्हाला ऐकायचंय, का मी ऐकून तुम्हाला लागेल तेवढं सांगू?” ते ‘तूच बघ’ म्हणाले तर आईचं बरोबर ठरलं. ‘मला सांगा’ म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. शेताचं, कर्जाचं, वारीला जाण्याचं काही त्यांच्या मनात असेल, ते तेव्हाच बाहेर येईल.

पैशांबद्दल एक शेवटचं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी अनेकदा सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आधी लागते, ती घेतल्याशिवाय खासगीत भरती होऊ नका. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि कोणते दाखले लागतात, हे मिरज-कोल्हापूरची गाडी पकडण्याआधी फोनवर विचारून घ्या.

तुमच्या पत्राच्या कोपऱ्यात एक वाक्य होतं, नंदगडच्या आत्याला अलीकडे थकवा असतो आणि पाय सुजतात. त्या आप्पांच्या सख्ख्या बहीण. या आठवड्यात सगळ्यात आधी त्यांची एचबीएसएजी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. काकांच्या मुलांनाही कळवा.